वाचकांचे प्रश्न : कायद्याची पदवी, हजेरीपासून सनदेपर्यंत

विधी शाखेच्या शिक्षणाविषयी नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातील तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : महोदया, मी ४२ वर्षांचा असून अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. बारावीनंतर लगेच नोकरी धरावी लागल्याने पुढे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. पूर्ण केले. आता एलएल.बी. करण्याची इच्छा आहे. ही पदवी प्रवेशासाठी चालते का आणि माझे वय आड येईल का? एका एजंटाने परराज्यातील महाविद्यालयात नाव घालून देतो, हजेरीचे आम्ही बघतो, तुम्ही फक्त परीक्षेला या, असे सांगितले आहे. हा मार्ग स्वीकारावा का? — एक वाचक, सिडको

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे, तरी आधीच्या दोन प्रश्नांची उत्तरे अगोदर देते. वकिली व विधी शिक्षणाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार दहावी, बारावी आणि पदवी या क्रमाने शिकलेल्या व्यक्तीची मुक्त विद्यापीठाची पदवी तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या प्रवेशासाठी ग्राह्य धरली जाते. अडचण येते ती बारावी न होता, पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या आधारे मुक्त विद्यापीठात थेट पदवीला बसलेल्यांना, कारण मूळ पात्रता नसताना मिळवलेली पदवी हे नियम स्वीकारत नाहीत. मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच नाशिकमध्ये असल्याने येथे हा फरक अनेकांच्या आयुष्याशी निगडित आहे, म्हणून तो स्पष्ट करून ठेवते. आपली बारावी झालेली आहे, त्यामुळे पदवीला किमान ४५ टक्के गुण असतील तर आपण पात्र आहात. इतर मागासवर्गीयांसाठी ही मर्यादा ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के आहे. वयाचे म्हणाल, तर बार कौन्सिलने २०१६ मध्ये पुन्हा लागू केलेल्या वयोमर्यादेला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली आणि महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेश परीक्षेसाठीही वयाची अट नाही. ही परीक्षा मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

आता एजंटाविषयी. त्याचा मार्ग धरू नका, असे मी नि:संदिग्धपणे सांगते. प्रत्येक विषयाच्या तासांना किमान ७० टक्के उपस्थिती असल्याखेरीज सत्रपरीक्षेला बसता येत नाही, असे हेच नियम सांगतात आणि विशेष कारणासाठी मिळणारी सूटही ६५ टक्क्यांच्या खाली जात नाही. पत्राद्वारे किंवा दूरस्थ पद्धतीने घेतलेल्या विधी पदवीवर वकिलीची सनद मिळत नाही. आणि कागदावर नियमित, पण प्रत्यक्षात पाऊलही न ठेवता घेतलेली पदवी ही सरळ सरळ फसवणूक आहे. सनदेच्या वेळी कागदपत्रांची पडताळणी होते, ही भीती त्यात आहेच. परंतु मला अधिक चिंता पुढची वाटते. ज्याने वर्गात एकही वाद ऐकला नाही, एकही उलटतपासणी डोळ्यांनी पाहिली नाही, त्याच्या हाती उद्या कोणाच्या तरी वडिलोपार्जित जमिनीचा दावा किंवा कोणाच्या तरी मुलाचा जामीन येतो, आणि त्याच्या अज्ञानाची किंमत तो पक्षकार भरतो.

नोकरी सांभाळून प्रामाणिकपणे शिकणे अवघड आहे, पण अशक्य नाही. निवासी नसलेल्या संस्थांना सकाळी ८ ते सायंकाळी ७ या वेळातच वर्ग घेता येतात, त्यामुळे रात्रीच्या महाविद्यालयाचा पर्याय उरत नाही. आपण व्यवस्थापनाशी बोलून तीन वर्षांसाठी दुसरी किंवा तिसरी पाळी लावून घेता येते का, ते पाहावे आणि सकाळचे वर्ग असलेल्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावा. ते जमणार नसेल तर प्रवेश एक-दोन वर्षे पुढे ढकलणे चांगले. आणखी एक गोष्ट पत्रात आपण विचारलेली नाही, पण ती आधीच माहीत असावी : पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. नोकरी सोडायची नसेल तर पदवीचा उपयोग कारखान्यातच होईल. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्याने वेतन, कंत्राटी कामगार, कामगारांची सुरक्षितता आणि सामाजिक सुरक्षा या विषयांचे जुने कायदे बदलले आहेत, आणि प्रत्यक्ष कामाची जागा ज्याला ठाऊक आहे अशा माणसाने या संहिता वाचल्या तर त्याचा लाभ कामगार व व्यवस्थापन या दोघांनाही होईल.

प्रश्न : मॅडम, मी निफाड तालुक्यातील एका गावाहून रोज नाशिकला एलएल.बी.च्या पहिल्या वर्षासाठी येतो. सर्व शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. निकालपत्रे इंग्रजीत असल्यामुळे समजत नाहीत, म्हणून गाइड पाठ करतो, पण परीक्षा झाली की काहीच आठवत नाही. सीनियर म्हणतात की जुनी भारतीय दंड संहिता आता विसरून जा. अभ्यास नेमका कसा करावा? — एक विद्यार्थी

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला बरे वाटले, कारण पाठांतर टिकत नाही हे तुम्हाला पहिल्याच वर्षी उमगले आहे.

भाषेपासून सुरुवात करू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एलएल.बी.च्या परीक्षेत मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा आहे आणि ती घेण्यात कसलाही कमीपणा नाही. राज्य शासनाच्या १९९८ च्या अधिसूचनेनुसार महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. तुमच्या तालुक्यातील शेतकऱ्याचा दावा, त्यावरील कैफियत (लेखी उत्तर), साक्षीदाराचा जबाब हे सारे मराठीतच लिहिले जाणार आहे. चांगली, नेमकी, अलंकारांशिवायची मराठी लिहिता येणे हे वकिलाचे मोठे भांडवल आहे. मात्र उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते आणि ज्या निकालांचा आधार खालच्या न्यायालयात घ्यावा लागतो तेही मुळात इंग्रजीत असतात, म्हणून तीन वर्षांत इंग्रजी वाचनाची सवय लावून घ्यावीच लागेल. सर्वोच्च न्यायालय आपल्या अनेक निकालांचे मराठी अनुवाद संकेतस्थळावर विनामूल्य देते. एखादा निकाल आधी मराठीत वाचा आणि मग तोच इंग्रजीत वाचा. पहिले काही निकाल फार वेळ घेतील. त्याची काळजी करू नका.

सीनियर सांगतात ते मात्र मनावर घेऊ नका. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाले, हे खरे आहे. खुनाच्या शिक्षेचे ३०२ वे कलम आता १०३ वे झाले, फसवणुकीचे ४२० वे कलम ३१८ व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात गेले, आणि ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमे आली. परंतु १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागू राहते आणि असे खटले व त्यांवरील अपिले पुढची कित्येक वर्षे चालणार आहेत. शिवाय हेतू, सामाईक उद्देश, स्वसंरक्षण या संकल्पनांवरचे दीडशे वर्षांचे न्यायनिर्णय नव्या कलमांचा अर्थ लावतानाही वापरले जातात. म्हणून दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी लिहून अभ्यास करावा.

पद्धतीविषयी एकच उदाहरण सविस्तर देते, कारण ते तुमच्या परिसरातले आहे. द्राक्षाच्या हंगामात बागायतदार परप्रांतातील व्यापाऱ्याला माल देतो, व्यापारी धनादेश देऊन निघून जातो आणि धनादेश न वटता परत येतो, हा प्रकार तुम्ही गावात ऐकला असेल. गाइडमध्ये याचे उत्तर अर्ध्या पानात मिळते. त्याऐवजी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१ चा मूळ मजकूर, म्हणजे बेअर अ‍ॅक्ट उघडा आणि १३८ वे कलम तोडून त्यातील प्रत्येक अट वेगळ्या ओळीवर लिहा. धनादेश कायद्याने वसूल करता येण्याजोग्या देण्यापोटी दिलेला असला पाहिजे; तो मुदतीत बँकेत भरलेला असला पाहिजे; तो परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे; नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न दिल्यासच गुन्हा पूर्ण होतो; आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल झाली पाहिजे, अर्थात पुरेसे कारण दाखविल्यास हा शेवटचा विलंब न्यायालय माफ करू शकते. आता एका काल्पनिक बागायतदाराच्या तारखा कागदावर मांडा आणि त्याची नोटीस ३१ व्या दिवशी निघाली असेल तर काय होईल, ते स्वतःच ठरवा. मग १३९ वे कलम वाचा : धनादेश देणे फेडण्यासाठीच दिला होता, असे न्यायालय गृहीत धरते आणि तसे नव्हते हे दाखविण्याचा भार धनादेश देणाऱ्यावर येतो. हे गृहीतक नसते तर शेतकऱ्याला काय काय सिद्ध करावे लागले असते, याचा विचार केल्यावर पुराव्याच्या कायद्यातील अख्खे प्रकरण सोपे वाटू लागते.

येथेच थांबू नका. खटला कोणत्या गावी चालवायचा, हा प्रश्न घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात असे ठरवले की ज्या बँकेवर धनादेश काढला, ती बँक जेथे असेल तेथील न्यायालयातच तक्रार करावी. निफाडच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ व्यापाऱ्याच्या शहरी, कदाचित दिल्लीला, प्रत्येक तारखेला जाणे असा होत होता. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, संसदेने १४२ व्या कलमात दुरुस्ती केली आणि ज्या शाखेत रक्कम घेणाऱ्याचे खाते आहे व जेथून धनादेश वसुलीसाठी गेला, तेथील न्यायालयाला अधिकार दिला. कायद्याचा मजकूर, न्यायालयाने लावलेला अर्थ, त्या अर्थाचे लोकांवर झालेले परिणाम आणि त्यावर संसदेने केलेली दुरुस्ती, हा सारा प्रवास एका कलमाच्या निमित्ताने तुमच्यासमोर येतो. असे एक प्रकरण मनापासून अभ्यासले की ते विसरायला होत नाही.

शेवटी, न्यायालयात जाऊन बसा. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप, मूट कोर्ट (सरावासाठीचे अभिरूप न्यायालय) आणि एका दिवाणी व एका फौजदारी प्रकरणाचे निरीक्षण अपेक्षित आहे. अनेक विद्यार्थी त्याची वही दुसऱ्याची पाहून भरतात, हे मला फार खटकते. न्यायालयाचे कामकाज सामान्यतः सर्वांना खुले असते. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात किंवा परतीच्या वाटेवर निफाडच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसून एकच खटला निवडा, त्याच्या तारखा ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पाहत राहा आणि साक्षीदाराच्या सरतपासणीपासून (त्याला बोलावणाऱ्या बाजूने घेतलेल्या जबाबापासून) युक्तिवादापर्यंत तो ऐका. बऱ्याच तारखांना काहीच घडणार नाही. पक्षकाराचा दिवस कसा वाया जातो, हेही तेथेच समजते आणि ते वकिलाला समजलेच पाहिजे.

प्रश्न : मुलगी यंदा बारावीला आहे. तिने पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा की आधी पदवी आणि मग तीन वर्षांची एलएल.बी.? — एक पालक, गंगापूर रोड

उत्तर : कायदाच शिकायचा, हे मुलीचे स्वतःचे मत पक्के असेल तर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम घ्यावा, दुसऱ्या मार्गाने सहा वर्षे लागतात. मात्र या अभ्यासक्रमातून मध्येच एक पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोय बार कौन्सिलच्या नियमांत नाही, त्यामुळे तिसऱ्या वर्षी मन बदलले तर हाती पदवी नसते. मन डळमळीत असेल तर अर्थशास्त्र, वाणिज्य किंवा विज्ञान अशा आवडीच्या विषयात पदवी घेऊन नंतर कायद्याकडे वळणे हिताचे आहे. दोन्ही पदव्यांवर मिळणारी सनद एकच असते.

प्रश्न : मी नाशिक रोड येथे राहते. पदवी घेऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, मुले मोठी झाली. एलएल.बी. करावी असे फार वाटते, परंतु न्यायालयात उभे राहण्याचे धाडस होईल असे वाटत नाही. नातेवाईक म्हणतात, या वयात कशाला? — एक वाचक

उत्तर : ताई, नातेवाइकांना कॉर्नेलिया सोराबजींविषयी सांगा. त्यांचा जन्म १८६६ मध्ये याच नाशिकमध्ये झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या आणि १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा दिली. ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवी देत नव्हते. त्यांच्या हाती ती पदवी पडली १९२२ मध्ये, म्हणजे परीक्षेनंतर तीस वर्षांनी. स्त्रियांना वकिली करण्यास अटकाव करता येणार नाही, असे सांगणारा कायदा भारतात १९२३ मध्ये झाला, तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून पुढे गेलेल्या होत्या. मधल्या काळातही त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. पडद्यात राहणाऱ्या विधवांच्या आणि अल्पवयीन वारसांच्या मालमत्तेसाठी त्यांनी वर्षानुवर्षे काम केले.

न्यायालयात उभे राहणे हा पदवीचा एकमेव उपयोग नाही. मृत्युपत्रे, बक्षीसपत्रे, खरेदीखते यांचे मसुदे करणे, गृहनिर्माण संस्थांना सल्ला देणे, मध्यस्थीच्या कामाचे प्रशिक्षण घेणे, अशी पुष्कळ कामे आहेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या १२ व्या कलमानुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे; पण हे ठाऊक नसल्याने कितीतरी बायका मुकाट्याने सोसत राहतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या शिबिरांत त्यांच्याशी बोलायला संसाराचा अनुभव असलेली आणि कायदा जाणणारी स्त्री मिळाली तर त्या मोकळेपणाने बोलतात, असे मी पाहिले आहे. न्यायालयात बोलण्याची भीती मूट कोर्टच्या सरावाने बहुतेकांची जाते, तेव्हा त्याविषयीचा निर्णय तिसऱ्या वर्षापर्यंत राखून ठेवावा. या वर्षीचा अर्ज जरूर भरा.

प्रश्न : एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. न्यायाधीश व्हायचे आहे. लगेच एलएल.एम. करावे, की आधी वकिली? एलएल.एम. एक वर्षाचे चांगले की दोन वर्षांचे? सनदेसाठी किती खर्च येतो? — एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : न्यायाधीशपद हे ध्येय असेल तर आधी वकिली करावी. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. हा कालावधी वकील परिषदेकडील तात्पुरत्या नोंदणीच्या दिनांकापासून मोजला जातो आणि त्याबाबत प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणून नोंदणीला विलंब करू नये. कोवळ्या वयात थेट न्यायासनावर बसण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला, याची हळहळ अनेकींनी माझ्याजवळ व्यक्त केली. विशेषतः ज्या मुलींच्या घरी लग्नाची घाई असते, त्यांना ही तीन वर्षे मिळवणे कठीण जाते, हे मी नाकारत नाही. तरीही पक्षकार, साक्षीदार आणि वकील यांची बाजू खालून पाहिलेली व्यक्ती न्यायासनावर असावी, हे मला पटते. ज्येष्ठ वकील निवडताना मोठे नाव पाहू नका. जेथे मसुदे स्वतः लिहायला मिळतील आणि लिहिलेले कोणी तपासून देईल, असे कार्यालय निवडा.

एलएल.एम. या कायद्याच्या पदव्युत्तर पदवीचा खरा उपयोग अध्यापन, संशोधन आणि एखाद्या शाखेतील सखोल अभ्यास यांसाठी आहे. प्राध्यापक व्हायचे असेल तर त्याबरोबर नेट किंवा सेट परीक्षाही लागते. एक वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सुरू झाला. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत त्यासाठी क्लॅट या सामाईक विधी प्रवेश परीक्षेची पदव्युत्तर परीक्षा द्यावी लागते, तर राज्यातील विधी महाविद्यालयांत राज्याच्या स्वतंत्र सामाईक परीक्षेतून प्रवेश होतो. वर्ष वाचते म्हणून एक वर्षाचा अभ्यासक्रम निवडू नका. प्रबंधाला पुरेसा वेळ मिळावा असे वाटत असेल तर दोन वर्षेच घ्यावीत. काही वर्षे वकिली करून आलेल्या विद्यार्थ्यांना प्रबंधाचा विषय शोधावा लागत नाही. न्यायालयात ज्या प्रश्नाने त्यांना पुन्हा पुन्हा अडवले, तोच ते घेऊन येतात आणि त्यांचे लेखन इतरांपेक्षा सरस ठरते.

सनदेविषयी थोडक्यात सांगते. महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे नोंदणी केल्यावर अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ही परीक्षा घेण्याचा बार कौन्सिलचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केला आहे. परीक्षेत टीपा नसलेले बेअर अ‍ॅक्ट जवळ ठेवता येतात, आणि खुल्या व इतर मागास प्रवर्गासाठी ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांसाठी ४० टक्के गुण आवश्यक असतात. खर्चाबाबत, सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार प्रकरणात असा निर्णय दिला की नोंदणीसाठी अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये ठरवलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारांकडून ७५० रुपयांपेक्षा आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा, अधिक शुल्क राज्य वकील परिषदांना घेता येणार नाही. मुद्रांक शुल्क त्याव्यतिरिक्त असते. नोंदणीच्या नावाखाली मध्यस्थाने अधिक रक्कम मागितल्यास देऊ नका, अर्ज स्वतः भरा आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपून ठेवा.